चि. भूषणला, मोठ्या दिवसाआधी

अमळनेर, १७ जून २०२५

चि. भूषण यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा गॅसवर वरण होतं, ते खाली लागलं. पप्पांनी तसंच खाल्लं, काही बोलले नाहीत. “सण म्हटला की तुला पाणीच कसं दिसतं गं आई?” असं तू म्हणालास. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले आहे. ताई याचे फोटो काढून तुला पाठवेल.

पाण्याचं काही लिहायचं नाही, असं ठरवलंय.

तुमच्या त्या फिनलंडच्या मोठ्या दिवसाच्या सणाबद्दल, युहान्नुसबद्दल, ताईने मला सगळं वाचून दाखवलं. दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं उभी करतात, हे फार आवडलं. आपण आंब्याचा टाळा बांधतो तसंच की! मुली मुकाट्याने सात तऱ्हेची फुलं तोडून उशाखाली ठेवतात म्हणे, स्वप्नात नवरा दिसावा म्हणून. आखाजीला आम्ही झोक्यावर गाणी म्हणायचो, त्यातही अर्धं मन सासरच्या वाटेवर असायचं. आणि झेंडा! आदल्या संध्याकाळी सहाला चढवतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत उतरवतच नाहीत. एकतीस वर्षं मी शाळेत सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवून घडी घातली. रात्रभर फडकणारा झेंडा मला बघायचाय. फोटो पाठव.

तळ्याच्या काठी मोठी होळी पेटवतात, तेही वाचलं. जंगलाला वणव्याचा धोका असला तर तिला बंदी असते, म्हणजे लोक शहाणे आहेत. मग त्याच सणात इतकी माणसं बुडतात कशी? दर वर्षी तिकडच्या पेपरात आकडा येतो, असं ताई म्हणाली. प्यायलेली माणसं होडीत उभी राहतात, जॅकेट घालत नाहीत. तू पीत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण होडी वल्हवणारा पितो की नाही, हे कुठे ठाऊक आहे? मे महिन्यात तूच म्हणाला होतास, पाणी वरून कोमट वाटतं आणि कमरेखाली बर्फ असतो. अंग एकदम गारठलं की श्वासच लागतो, हातपाय आपले राहत नाहीत. आणि साडेएकोणीस तास उजेड असला म्हणून अकरा वाजता पाण्यात उतरायचं नसतं. उजेड असला तरी माणूस दमलेला असतो, भूषण. मार्चमध्ये शिकलेलं पोहणं, ते फरशीच्या तलावातलं, त्याला

बघ, झालंच सुरू. माफ कर मला. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, तिथे बर्फात सायकल चालवतोस, आणि इथे मी तुला चौथीच्या पोरासारखं बोलते.

चौथीवरून आठवलं. तू माझ्याच वर्गात होतास ते वर्ष. शाळेत मला ‘बाई’ म्हणायचं, हे तुला किती जड गेलं होतं! २१ जूनला आपण पटांगणात मीटरभर काठी पुरली होती, भोवती राखेचं गोल रिंगण. एप्रिलमध्ये पोरांनी दुपारची सावली मोजली होती, तेव्हा ती वर्गाच्या भिंतीकडे, म्हणजे उत्तरेकडे पडायची. त्या दिवशी ढग होते. बाराला काही दिसेना, पोरं कंटाळून खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तू एकटाच काठीजवळ उकिडवा बसून होतास. साडेबाराला ऊन पडलं आणि तू पळत आलास, “बाई, सावली चुकली! लिंबाकडे पडली!” मी आले. खरंच, जेमतेम दोन बोटं सावली, पण दक्षिणेकडे. मेच्या २५-२६ तारखेच्या सुमारास सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो, २१ जूनला पार कर्कवृत्तापर्यंत, उज्जैनच्या जरा वर, आणि जुलैच्या मध्यावर परत आपल्यावरून खाली येतो. हे मी फळ्यावर दर वर्षी शिकवायचे. पण सावली चुकली असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर पप्पांना मी तीन वेळा सांगितलं.

अलीकडे त्या तारखेला शाळेत योगदिन असतो, काठी कुणी पुरत नाही. आमच्या पिढीला तर हा दिवस म्हणजे आर्द्रा लागायची वेळ, पेरणी साधली की नाही याची काळजी. सणबिण काही नव्हता. यंदा तुमचा सणाचा शनिवार आणि २१ तारीख एकच आलीय, म्हणून मनात आलं, तू आणि मी मिळून साजरा करू.

मी गच्चीवर काठी उभी करते. तूही कर, बरोब्बर मीटरभर, दोरीला दगड बांधून ओळंबा बघ. आपल्याकडे माथ्यावरची वेळ घड्याळात साडेबाराला येते, तुझ्याकडे तांपेरेला दीडच्या जरा आधी. एकपासून दोनपर्यंत दर दहा मिनिटांनी खूण कर, सगळ्यात आखूड ती खरी. तुझी सावली ७८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, उत्तरेकडे. माझी चार, दक्षिणेकडे. दोन्हींचे कोन काढून बेरीज केली की अमळनेर आणि तांपेरे यांच्या अक्षांशांतलं अंतर मिळतं, साडेचाळीस अंश. ग्रीक पंडित इरॅटोस्थेनीसने बावीसशे वर्षांपूर्वी याच दिवसाच्या दुपारच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता. तुझ्या मित्रांनाही दाखव. सांग, माझ्या आईने शिकवलंय.

खरं सांगते, तो तासभर तू काठीजवळ असशील, तळ्यात नसशील, हाही विचार आहे त्यात. लपवून काय करू.

ताईने दिलेलं बट्टीचं दळण उरलं असेल तर ने. ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळ. तुमच्या त्या ग्रिलच्या निखाऱ्यांवर फिरवत भाज, घाई केलीस तर आत कच्ची राहील. वरणावर तूप हात राखून घालू नकोस. ते लोक नवे बटाटे उकडून खातात ना, त्यासोबतही बट्टी चालेल.

बापूमामाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. तो सगळ्यांत चांगला पोहायचा, थाळनेरपर्यंत त्याचं नाव होतं. मृगाचे दिवस होते, लागवड उरकून पोरं नदीवर गेली. आमच्याकडे थेंब नव्हता, पाऊस वरच्या अंगाला पडला होता. आजी नेहमी म्हणायची, “तापीमायले हात जोडाना, आंगावर जावानं नही.” त्यानंतर तिने ते कधी म्हटलं नाही. तू पाठमोरा अगदी त्याच्यासारखा दिसतोस. मानेपासून खांद्यापर्यंत तर तोच. गेल्या दिवाळीत तू नळाखाली तोंड धूत होतास आणि मी स्वयंपाकघरात परत गेले, ते त्यामुळे. तुला वाटलं मी रागावले.

तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा. सौनात बस, होळी बघ, त्या उजेडात जाग. असा दिवस आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही.

सावलीचा आकडा मोजल्या मोजल्या पाठव. आपल्याकडे तेव्हा चार वाजून गेलेले असतील. मी फोन घेऊन बसते.

तुझी
आई

ता. क. होडीत बसण्याआधी जॅकेटचे पट्टे आवळून बघ. नुसतं अंगावर अडकवलेलं चालत नाही.