राल्फ हरला, पण का?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला किशोर कादंबऱ्यांतल्या नेत्यांवरचा लेख वाचला, आवडला, पण गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधला (१९५४), निर्जन बेटावर अडकलेल्या पोरांचा नेता राल्फ नुसता परिस्थितीमुळे हरला हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. त्याच्याशेजारी हंगेरियन लेखक मोल्नारच्या 'द पॉल स्ट्रीट बॉइज'मधला (१९०७), बुडापेस्टच्या पोरांच्या टोळीचा नेता बोका ठेवून बघा (नाव हंगेरियन आहे, मांजराशी संबंध नाही!). दोघंही मतदानानं निवडून आलेले, दोघांसमोर तगडा प्रतिस्पर्धी. फरक आहे तो सगळ्यात दुबळ्या पोराला कसं वागवलं यात. बेटावरच्या जाड्या, चष्मेवाल्या पोरानं विनवलेलं असतानाही राल्फ त्याचं 'पिगी' हे चिडवायचं नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून मोकळा होतो, पोरं खदाखदा हसतात आणि तिथून पिगीची किंमत जी गेली ती गेलीच. नंतर राल्फला त्याची खरी गरज पडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. उलट खेळाच्या मैदानासाठी दुसऱ्या टोळीशी लढणाऱ्या बोकाच्या सैन्यात बाकी सगळे अधिकारी आणि नेमेचेक एकटा साधा शिपाई, पण लढाई जिंकल्यावर बोका त्यालाच कॅप्टन करतो आणि तो मरणाच्या दारात असताना त्याच्या उशाशी जाऊन बसतो. आता बुडापेस्टची पोरं रात्री घरी जेवायला जात होती, बेटावर तशी सोय नव्हती, हे मान्य. पण पिगीचं नाव सांगितलं तेव्हा बेटावर अजून ना भूक होती ना भीती.

- एक वाचक, पुणे