बाबांच्या ऑक्सिजनबद्दल, दोघांनाही

पणजी, 18 जून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "रात्री ह्यांना धाप लागली म्हणून मी मशीन दोनवरनं चारवर केलं. मग आकडा 97 आला नि गाढ झोपले बघ." आई, मला त्या गाढ झोपेचीच भीती वाटली. ड्युटीवर होते, मागे दोन पेशंटांच्या बेल वाजत होत्या, म्हणून बोलता आलं नाही. आता सवडीने लिहिते आहे.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा. धाप लागली की थांबा, आणि एका दमात किती शब्द झाले ते आईने ध्यानात ठेवावं. कशासाठी ते पुढे येईल.

आधी त्या चारचं. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. नाकाच्या नळीतून मिनिटाला 2 लिटर सोडला की श्वासातलं प्रमाण साधारण 28 टक्क्यांवर जातं. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, 95 च्या वर हवं, हे कोविडमध्ये पोराटोरांनाही पाठ झालं. पण बाबांना तो हिशेब लागू नाही. खाणीच्या ट्रकवर इतकी वर्षं धूळ गिळली, वर विडी. त्यातून सीओपीडी झाला, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आता त्या फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसातलं रक्ताचं वाटप बिघडतं, श्वास मंदावू शकतो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात साचत जातो. माणूस गुंगायला लागतो. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. तो 97, 98 दाखवत राहतो आणि इकडे माणूस हाताबाहेर जात असतो. म्हणून डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर 88 ते 92 लिहिलंय. 90 आला तर काळजी करू नकोस. 97 आला तर कर.

तशी गुंगी कशी ओळखायची? सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखतं, हाताचे तळवे गरम लागतात. हाक मारली की ओ देतात, पण बोलता बोलता डोळे मिटतात. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं तर ते फडफडतात. यातलं काही दिसलं तर मशीन डॉक्टरांनी लिहिलेल्या दोनवर आण आणि 108 ला फोन कर. नळी मात्र ओढून काढायची नाही. ऑक्सिजन एकदम तोडणं तेवढंच वाईट.

आता उलटी बाजू, ऑक्सिजन कमी पडतोय हे कसं कळतं ती. सगळे ओठ निळे व्हायची वाट बघतात. ते फार उशिरा दिसतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तर आणखी उशिरा, आणि पिवळ्या बल्बखाली दिसतही नाही. बघायचंच असेल तर उजेडात नेऊन जीभ आणि ओठांची आतली बाजू बघ. शिवाय ज्याचं रक्त कमी आहे, जसं तुझं, त्याला निळेपणा येईलच असंही नाही. सगळ्यात आधी बदलतो तो स्वभाव. माणूस बेचैन होतो, पांघरूण फेकतो, नळी ओढतो, विनाकारण खेकसतो, आपण कुठे आहोत हे विसरतो. वॉर्डमध्ये रात्री असे पेशंट असले की नातेवाईक येऊन म्हणतात, "सिस्टर, झोपेची गोळी द्या ना." मी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावते. झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरात तसली गोळी बाबांना द्यायचीच नाही, शेजाऱ्यांनी कितीही खात्रीने दिली तरी.

श्वास मोजायची आमची एक रीत आहे. "श्वास मोजते हं" असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतेय असं दाखवायचं आणि नजर पोटावर ठेवायची. पोट वर आलं, खाली गेलं, तो एक. घड्याळात पूर्ण मिनिट. शांत बसलेल्या माणसाचे 12 ते 20 होतात. बाबांचे एरवीही थोडे जास्तच असतात, म्हणून बरं असतानाच एकदा मोजून वहीत लिहून ठेव. पुढे तुलना त्या आकड्याशी करायची. गळ्याच्या हाडावरचा खळगा श्वासागणिक आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतात का, तेही बघ. आणि बाबा, मघाशी वाचायला सांगितलं ते ह्यासाठी. रोज पेपरातला मथळा एका दमात वाचता येत असेल आणि एके दिवशी तीन शब्दांना थांबावं लागलं, तर ते कुठल्याही मशीनच्या आधी आईला कळेल.

तुम्हाला यंत्रांची आवड, म्हणून सांगते. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने 1974 मध्ये ह्या ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. 2020 च्या एप्रिलमध्ये आओयागी वारले, नेमका घराघरात त्यांचा शोध पोचत होता तेव्हा. सगळा खेळ बोटातून जाणाऱ्या प्रकाशाचा, म्हणून बोट गार असलं, नखाला रंग असला, हात हलला, तर आकडा चुकतो. पावसात तुमची बोटं गारठतात, आधी चोळून घ्या. पाच मिनिटं बसा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन-तीनचा फरक त्यात असतोच. सावळ्या माणसांत तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हेही अभ्यासांत दिसलंय. तेव्हा आकडा बरा आणि माणूस बरा नाही असं झालं, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

धाप लागली तर आई, नॉब धरायच्या आधी माणसाला बसव. आडवं ठेवायचं नाही. समोर टेबल, त्यावर उशी, उशीवर दोन्ही कोपरं, थोडं पुढे झुकून. पंखा तोंडावर. नाकाने श्वास आत, मग गरम पेज फुंकतो तसा ओठ चिमटून सावकाश बाहेर. मग नळी बघ. खुर्चीच्या पायाखाली दबली असेल, नाकातून निसटली असेल. शंका आली तर तिचं टोक पेलाभर पाण्यात धर, बुडबुडे आले पाहिजेत. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप स्पेसर, म्हणजे पुढची ती पोकळ नळी, लावून दे. एवढं करूनही आकडा 88 च्या खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन. बोलता येईना, घाम फुटला, भान जातंय असं वाटलं तर सरळ 108. तिथे विचार करत बसू नको, मला फोन नंतर.

देवघराबद्दल वाईट वाटून घेऊ नको, पण समई आणि उदबत्ती बाबांच्या खुर्चीपासून किमान 3 मीटर लांब हवी. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग भडकवतो. कपड्यांत आणि पांघरुणात तो भरून राहतो. नाक कोरडं पडतं म्हणून तू खोबरेल लावतेस, ते आजपासून बंद. व्हॅसलीनही नको. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं, ते मी पाठवते. मशीनची जाळी दर आठवड्याला धू, बाटलीतलं पाणी रोज बदल, उकळून गार केलेलं.

पावसाळ्यात वीज जाणारच. कोपऱ्यातला बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर 2 लिटरने साधारण 12 तास पुरतो. त्याची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा, अंधारात शोधाशोध नको. आणि काटा दर रविवारी बघा.

बाबा, एक तुम्हाला. पाहुणे आले की तुम्ही नळी काढून उशीखाली सारता, हे वहिनीने सांगितलं. दिवसाकाठी किमान 15 तास लागलेला ऑक्सिजनच आयुष्य वाढवतो. 1980 च्या सुमाराचे त्यावरचे अभ्यास आजही आम्हाला शिकवतात. तासभर काढला, मग तासभर लावला, त्याने हृदयाला विश्रांती मिळत नाही. ज्यांच्यासमोर लाजता ते चहा पिऊन जातात. मला तुम्ही हवे आहात, नळीसकट.

कफ पिवळा-हिरवा झाला किंवा पाय सुजले तर चवथीच्या गडबडीतही डॉक्टरांकडे जायचं. आणि "सीओपीडी, 2 लिटर, 88 ते 92" असं जाड अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. 108 ची माणसं आली की आधी तो कागद त्यांच्या हातात द्यायचा. जेल आणि नवी नळी दादाकडे दिली आहे, शनिवारी तो आणेल. कानामागे नळी घासते तिथे कापूस ठेवत जा.

तुमची,
बाय