कीबोर्ड फेकण्याआधी एवढं बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा घरातला जुना पीसी भंगारात द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्याच्यावर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवरची फुकट सिस्टीम) टाकून घेतलं. बाबा रिटायर्ड शिक्षक आहेत, रोज आठवणी लिहितात, मराठी इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी), एका बोटाने. महिनाभर सगळं छान चाललं आणि मग अक्षरं गळायला लागली. "शाळेत" लिहिलं की "शात" उमटायचं, कधी काहीच उमटायचं नाही, आणि दोन दिवसांनी आपोआप ठीक व्हायचं. बाबांना वाटलं आपलाच हात चुकतोय, आणि त्यांनी लिहिणंच सोडलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुकानदार म्हणाला कीबोर्ड गेलाय. सहाशे रुपयांचा नवा आणला, तरी तेच. यूएसबी पोर्ट बदललं, रिस्टार्ट केलं, कुणीतरी म्हणालं म्हणून आयबस (मराठी टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम) पण रिस्टार्ट करून बघितलं, काही फरक नाही. पण लॉगिनचा पासवर्ड मात्र दर वेळी पहिल्या झटक्यात बसायचा, कीबोर्ड खराब असता तर तोही अडला असता, तिथे मला शंका आली. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) 'सुडो इव्हटेस्ट' ही कीबोर्डवरून काय काय येतंय ते दाखवणारी कमांड चालवून बाबांना टाईप करायला सांगितलं, तर प्रत्येक दाबणं आणि सोडणं तिथे बरोबर दिसत होतं, एकही सुटत नव्हतं, आणि शेजारच्या एडिटरमध्ये मात्र निम्मी अक्षरं गायब. म्हणजे कीबोर्ड आणि वायर ठणठणीत, अडतंय ते वर डेस्कटॉपमध्ये.

शेवटी बाबांच्या शेजारी बसून नुसतं बघत राहिले. इन्स्क्रिप्टमध्ये ळ, ण, श, ख, ध, थ सगळे शिफ्टवर आहेत. बाबा आधी शिफ्ट दाबून धरतात आणि मग "ळ कुठंय गं" म्हणत कीबोर्डभर शोधत बसतात. आणि शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की उबुंटूच्या डेस्कटॉपवर 'स्लो कीज' चालू होतं (त्याचा शॉर्टकट चालू असेल तर, आमच्याकडे तो होता), मग पटकन दाबलेली की मोजलीच जात नाही, ती थोडा वेळ दाबून धरावी लागते. परत कधी तेवढीच शिफ्ट धरली गेली की ते बंद होतं, म्हणून ते आपोआप बरं व्हायचं. स्क्रीनवर तशी सूचना येते, पण ती इंग्रजीत, बाबा घाबरून जे बटण दिसेल ते दाबून ती घालवायचे.

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टायपिंग, तिथे स्लो कीज बंद केलं आणि 'एनेबल बाय कीबोर्ड' (म्हणजे तो शिफ्टचा शॉर्टकट) पण बंद केलं, नाहीतर परत तेच झालं असतं. काम दोन मिनिटांचं होतं, आमचे तीन आठवडे गेले.

सोय वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ज्यांचा हात थरथरतो त्यांना ती खरंच लागते. पण वयस्कर माणसांना लिनक्स टाकून देणाऱ्या मुलांना, दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, मशीन हातात देताना हा शॉर्टकट चालू आहे का बघा, आणि चालू ठेवणार असाल तर मराठीत समजावून सांगा. तुमच्या पेपरात कॉम्प्युटरच्या सदरात हे छापलंत तर फार बरं होईल. बाबांची वही १९७१ च्या शाळेपर्यंत आलीये, आज सकाळी त्यांनी दीड पान लिहिलं.

एक वाचक, सातारा