तुझा जन्मदाखला

एडिसन, न्यू जर्सी
डिसेंबर २०२५

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू त्या बातम्या बघणं बंद कर. तो नियम माझ्यासाठी नाहीच आहे, मग कशाला झोप घालवतेस?" मी गप्प बसले. तुझी परीक्षा तोंडावर होती आणि मला नीट सांगताही येईना. इंग्रजीत मला कामाचं सगळं बोलता येतं, पोटातलं येत नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. रविवारच्या शाळेतलं अगदीच विसरली नसशील. अडलीस तर मोठ्याने वाच, कळेल.

५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने जन्मसिद्ध नागरिकत्वाचं, म्हणजे इथे जन्मलेलं मूल आपोआप इथलं नागरिक की नाही याचं, प्रकरण सुनावणीला घेतलं. त्या दिवशी मी ग्रंथालयातून घरी आले आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून टीव्हीपुढे उभी राहिले. बाबांनी दोनदा चहा विचारला, मला ऐकूच आलं नाही.

हे सगळं सुरू झालं २० जानेवारीला. ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी काही मुलांना हे नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला. बाबा म्हणाले, "बेकायदेशीर आलेल्यांसाठी आहे." मीही मान डोलावली. सई, तुझ्यापासून लपवत नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपण रांगेत उभे राहिलो, फिया भरल्या, प्रत्येक मुदत पाळली, मग आपल्याला कसली भीती, असंच डोक्यात होतं. रात्री बाबांनी आदेश मुळातून वाचायला घेतला. त्यात दोन कलमं आहेत. पहिलं बेकायदेशीर राहणाऱ्या आयांच्या मुलांचं. दुसरं अशा आयांच्या मुलांचं, ज्या कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर आहेत. विद्यार्थी, नोकरीवाले, पर्यटक, सगळे. वडील नागरिक नसतील आणि त्यांच्याकडे ग्रीन कार्डही नसेल, तर मूल इथे जन्मूनही नागरिक नाही. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अगं, हे तर आपण."

सप्टेंबर २००६ मध्ये तू झालीस तेव्हा बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होते आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची मला परवानगी नाही, बँकेत खातं उघडायचं तरी बाबांचं पत्र हवं. आदेश १९ फेब्रुवारी २०२५ नंतर जन्मणाऱ्यांसाठी आहे, तुला तो लागू नाही, हे मला कळतं. पण त्यात ज्या बाळाचं वर्णन आहे ते तुझंच आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी ज्या बाळाला दुपट्यात गुंडाळून घरी आणलं, त्याला या देशाचं म्हणायचं की नाही, यावर आज वाद चालला आहे. तो मी बातमी म्हणून कशी ऐकू?

तुझा जन्मदाखला आला तो दिवस मला लख्ख आठवतो. एक कागद, त्यावर तुझं नाव, शिक्का. बाबांनी तेवढ्यावर तुझा पासपोर्ट काढला. मला खोटंच वाटत होतं, कारण माझ्या स्वतःच्या दाखल्याने आम्हाला किती रडवलं! मिरजेच्या नोंदीत माझं नावच नाही. नुसतं "कन्या" लिहिलेलं. तेव्हा बारशाआधीच नोंद व्हायची आणि पुढे नाव घालायला कोणी फिरकायचं नाही. ग्रीन कार्डच्या अर्जासाठी मामाने आणि मोठ्या मावशीने प्रतिज्ञापत्रं करून पाठवली, की ही मुलगी अमुक तारखेला आमच्या डोळ्यांदेखत जन्मली. पस्तिशीला टेकलेल्या बाईच्या जन्माचे साक्षीदार शोधायचे! तुला यातलं काही करावं लागलं नाही, आणि याचा मला अजून आनंद होतो.

तो अर्जही सुखासुखी गेला नाही. २००७ च्या जूनमध्ये जाहीर झालं की जुलैपासून नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या जवळजवळ सगळ्या वर्गांतले लोक अर्ज करू शकतील. माणसांनी धावपळ करून मेडिकल केलं, फोटो काढले, वकिलांचे पैसे भरले. आणि २ जुलैला सरकारने ते मागे घेतलं. मग कोणीतरी सुचवलं, चिडायचं नाही, फुलं पाठवायची. गांधीगिरी. आम्हीही पाठवली. १० जुलैला वॉशिंग्टनमधल्या इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावाने फुलांचे शेकडो गुच्छ गेले, आणि त्यांनी ते वॉल्टर रीड रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी पाठवून दिले. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि अर्जांना १७ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. त्यामुळे आमचा अर्ज आत गेला, आणि काही महिन्यांत माझ्या हातात काम करायचं कार्ड पडलं. तू दहा महिन्यांची होतीस, कडेवर. ते फिरवलं नसतं तर मी किती वर्षं घरात बसले असते कोण जाणे. या देशातलं राजकारण मला लांबचं कधी वाटलंच नाही. ते थेट स्वयंपाकघरात येतं.

सप्टेंबरमध्ये सुजयदादाचं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तो काकांच्या श्राद्धाला पुण्याला गेला होता, पहिलंच वर्ष. रविवारी २१ तारखेला सर्वपित्री. शनिवारी पहाटे फोन सुरू झाले: एच-१बीला एक लाख डॉलरची नवी फी, लागू रविवारपासून, कंपनी म्हणते त्याआधी परत या. त्याने मिळेल ते तिकीट काढलं. काकू दारात उभी राहून नुसती बघत होती. तो विमानात असताना खुलासा आला, की फी फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. काकांचं श्राद्ध त्याच्याशिवाय झालं. काकू मला म्हणाली, "एवढं मोठं सरकार, त्यांना दोन दिवस आधी नीट सांगता येत नव्हतं?" मी काय उत्तर देणार?

मंडळातले काही जण म्हणतात की नियम कडक असायलाच हवेत, लोक फक्त बाळंतपणासाठी येतात. असे कोणी येतही असतील. पण त्यासाठी बाळाचं नागरिकत्वच काढून घेणं मला मान्य नाही. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये आली, यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी. कारण १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात याच सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कृष्णवर्णीय माणूस इथला नागरिक होऊच शकत नाही. पुन्हा कोणाला आईबाप बघून असं सांगता येऊ नये म्हणून इथे जन्मलेला माणूस इथला नागरिक, हे वाक्य घटनेत घातलं.

मी आमच्या ग्रंथालयातून वाँग किम आर्कची माहिती काढून वाचली. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आचारी. आईबाप चिनी, आणि त्या काळी चिन्यांना नागरिक होण्याची सोयच नव्हती. १८९५ मध्ये तो चीनहून परतला तर बंदरात उतरू देईनात. कित्येक महिने एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, आणि स्वतःचं गाव समोर दिसत असलेलं. तो कोर्टात गेला. २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन असा निकाल लागला: इथे जन्मला म्हणून हा नागरिक. त्या आचाऱ्याच्या निकालामुळे तुझा एक कागद पुरला. मी त्याच्यासाठी देवापुढे दिवा लावला, बाबा काही बोलले नाहीत.

आदेश निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी सिएटलच्या न्यायाधीश कफनॉर यांनी तो उघड उघड घटनाबाह्य म्हणून अडवला. रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश. आपल्या न्यू जर्सीनेही इतर राज्यांबरोबर खटला भरला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खालच्या कोर्टांनी सरसकट देशभर स्थगिती देऊ नये, मग जुलैत न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने सगळ्या बाळांचा मिळून एक गट धरून त्यांना संरक्षण दिलं. आता वर गेलंय ते तेच प्रकरण. त्यातली आई खरं नाव लावायला घाबरते, टोपणनावाने लढते. मी तिला ओळखत नाही, पण मला ती रोज आठवते.

आणि एक सांगते. आदेश टिकला तर नुसता जन्मदाखला कोणालाच पुरणार नाही. बाळ झालं की आईबापांनी आपले कागद दाखवायचे. माझ्यासारख्या "कन्या" पुन्हा साक्षीदार शोधतील.

म्हणून मी परवा कपाट उपसलं. तुझ्या दाखल्याच्या दोन सहीशिक्क्याच्या प्रती नव्याने मागवल्या आहेत. एक तू घेऊन जा. बाबांची तेव्हाची मंजुरीपत्रं, माझे जुने आय-९४ म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचे कागद, मामाचं प्रतिज्ञापत्र, सगळं एका निळ्या फाइलीत लावलंय. तुला गरज पडणार नाही, पण कुठे आहे ते माहीत असू दे. माझ्या कपाटात खालचा कप्पा, पैठणीच्या खाली.

शुक्रवारी बाबा स्टेशनवर घ्यायला येतील. गाडी सुटली की फोन कर.

तुझी,
आई