कांदा दहा मिनिटांत तपकिरी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'वीस मिनिटांत सोपे फ्रेंच अनियन सूप' ही पाककृती वाचली. मेडिकल चौकाजवळ माझी मुलींची मेस आहे. आमच्याकडे रोज कांदा किलोकिलोने चिरला जातो, तेव्हा निदान कांद्यावर तरी बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

कृतीत लिहिलं होतं की चार कांदे चिरून 'दहा मिनिटे, तपकिरी होईपर्यंत' परता, मोठा चमचा साखर घाला, कॉर्नफ्लोअर लावा, सूपची वडी टाका आणि चीज स्लाइस ठेवलेला ब्रेड वर सोडा. मेसमधल्या एका मुलीने ते कात्रण आणून माझ्याच गॅसवर करून पाहिलं. दहा मिनिटांनी कांदा नुसता घामेजून पारदर्शक झाला होता. पेपरात तपकिरी लिहिलंय म्हणून तिने गॅस मोठा केला. मग कडा जळल्या, आतून कांदा कचकच लागायचा तो लागायचाच, आणि कॉर्नफ्लोअरने सगळ्याची खळ झाली. वर पोरगी म्हणते, "काकू, माझ्या हाताला चवच नाही." हात चांगला आहे तिचा. कृतीत वेळच चुकीची छापली होती.

कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत भांड्यातली उष्णता उकळत्या पाण्याच्या फारशी वर जात नाही, आणि कांद्याला रंग धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. आधी पाणी आटणार, मग कांद्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मुरून तो तपकिरी होणार. या दुसऱ्या प्रकाराला एका फ्रेंच डॉक्टरचं, मायारचं नाव आहे. त्याने 1912 साली तो मांडला, असं मला आमच्या मेसमधल्याच एका मेडिकलच्या मुलीने सांगितलं. मायार माहीत नसला तरी आपल्या नागपुरात सावजी रस्सा करणारी बाई कांद्याला मोजून दहा मिनिटं देत नाही. ती वासावर जाते.

किलोभर कांद्याला पाऊण तास ते तास लागतो. हे आधीच छापलं असतं तर लोकांनी तयारीने केलं असतं. सूप खरंच सोपं आहे. त्यात कौशल्याचं काही नाही, फक्त घाई चालत नाही. मी ते लहान बर्नरवर ठेवते आणि मोठ्यावर पोळ्या लाटून भाजते. पोळ्या होतात तोवर कांदा अर्ध्या वाटेवर आलेला असतो.

आता माझी रीत लिहिते. छापायची असेल तर छापा. चार जणांना एक किलो कांदा. 'चार कांदे' हे माप नव्हे. बर्डीच्या बाजारात एक कांदा मुठीएवढा मिळतो आणि एक लिंबाएवढा. निबर, साल खडखडीत वाळलेला घ्यावा, नव्या ओल्या कांद्यात पाणी फार. पांढरा मिळाला तर उत्तम, रंग सोनेरी येतो. लाल कांद्याने सूप काळपट दिसतं, चवीत खोट नाही. चिरताना देठापासून मुळाकडे उभा चिरायचा. आडव्या चकत्या शिजता शिजता विरघळून जातात आणि चमच्यात काही येत नाही.

जाड बुडाचा गंज, म्हणजे पातेलं घ्या. नॉनस्टिक नको, कारण सांगते पुढे. पन्नास ग्रॅम लोणी, चमचाभर तेल, सगळा कांदा, लहान चमचा मीठ. गंज काठोकाठ भरेल, घाबरू नका. झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद आचेवर. कांदा खाली बसतो आणि पाणी सोडतो. मग झाकण काढायचं आणि आच मध्यमच्या थोडी खाली ठेवायची. पहिला अर्धा वेळ सराटा (उलथणं) पाच-सात मिनिटांनी एकदा फिरवला तरी पुरे. नंतर तळाला तपकिरी खरवड धरायला लागते. इथेच बायका घाबरून गॅस बंद करतात. ती खरवड म्हणजेच सूपची चव. दोन चमचे पाणी शिंपडायचं, सराट्याने तळ खरवडायचा, ते तपकिरी पाणी कांदाच पिऊन घेतो. पुन्हा धरली की पुन्हा पाणी. नॉनस्टिकला हे धरत नाही, म्हणून ते नको म्हटलं. असं करत करत रंग खजुरासारखा येतो आणि काठोकाठ भरलेल्या गंजात दोन वाट्यासुद्धा कांदा उरत नाही. वास आधी उग्र असतो, मग गोड होतो, मग खमंग. खमंग झाला की थांबा.

साखरेचा चमचा कशाला? कांद्यात स्वतःची आहे तेवढी पुष्कळ होते. चिमूट टाकली तर कोणी भांडणार नाही, पण मोठा चमचा घातलेलं सूप पाकासारखं लागतं. काही जण रंग लवकर यावा म्हणून खाण्याचा सोडा घालतात. रंग येतो झटकन, हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो. मला तो आवडत नाही.

पुढचं सगळं भराभर. सपाट मोठा चमचा मैदा कांद्यावर भुरभुरून दोन मिनिटं परता, सव्वा लिटर गरम रस्सा ओता, वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळू द्या. फ्रान्समध्ये हा रस्सा गाईबैलांच्या हाडांचा असतो. आपण मटणाच्या नळ्यांचा किंवा कोंबडीच्या हाडांचा करावा. माझ्याकडे निम्म्या मुली शाकाहारी, त्यांच्यासाठी मी गाजर, मशरूमची देठं, लसूण, मिरे आणि धुतलेली कांद्याची वाळकी सालं पाऊण तास उकळून गाळून घेते. सालं फेकू नका, त्यांनी रश्शाला छान रंग येतो. तिकडे यात पांढरी वाइन पडते. मुलींच्या मेसमध्ये ती मी ठेवत नाही, शेवटी लहान चमचा व्हिनेगर घालते, गोडवा मोडतो. थाइम हा त्यांचा वासाचा पाला, तो मिळाला नाही तर ओव्याचे मोजून सात-आठ दाणे. दोन्हींत थायमॉल हा वासाचा अंश असतो, म्हणून जमतं. तेजपान मात्र जपून, अर्धंच. फ्रेंचांचं पान वेगळ्या झाडाचं, आपलं दालचिनीच्या कुळातलं. जास्त झालं की सूपला पुलावाचा वास येतो.

आता चीज. प्रोसेस्ड स्लाइस वितळतो पण त्याला खमंग डाग पडत नाहीत. फ्रेंच लोक ग्रुयेर किंवा कोंते घालतात. धरमपेठेतल्या मोठ्या दुकानात कधी मिळतंही, भाव विचारून परत यावं असं. गौडा आणि मोझरेला निम्मं निम्मं किसून घेतलं तर काम भागतं. आणि कृतीत 'ओव्हनमध्ये ग्रिल करा' लिहून मोकळं होऊ नये. किती घरांत ग्रिल आहे? साध्या मायक्रोवेव्हमध्ये तर वरून रंग येतच नाही. मी असं करते: कालचा पाव कापून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी घासायची. मग लहान नॉनस्टिक तव्यावर (हो, इथे नॉनस्टिकच) किसलेलं चीज थेट पसरायचं, कडेने जाळी पडून सोनेरी व्हायला लागली की त्यावर पाव दाबायचा आणि उलटून, चीजची बाजू वर ठेवून, सूपवर सोडायचा. चीज वरून कुरकुरीत राहतं आणि खाली पाव रस्सा पितो. मुलींनी सूपपेक्षा यालाच जास्त मागणी केली, ते जाऊ द्या.

आणखी एक. आपल्या लेखिकेने याला 'शाही मेजवानीतला पदार्थ' म्हटलं आहे. पंधराव्या लुईच्या नावाने एक दंतकथा सांगतात खरी. पण हे सूप नावारूपाला आलं ते पॅरिसच्या ले आल या भाजीबाजारात. तिथे पहाटे माल उतरवणारे हमाल, भाजीवाले, खाटीक थंडीत हे पीत. आपल्या कळमन्याच्या मार्केटमध्ये हिवाळ्यात पहाटे गेलेल्या माणसाला ते जास्त पटेल. तो बाजार 1969 साली शहराबाहेर रंजिसला हलवला, सूप मात्र हॉटेलांत राहिलं आणि महाग झालं. सगळ्यात स्वस्त भाजी, शिळा पाव आणि हाडांचं पाणी, एवढ्यावर उभा असलेला पदार्थ आहे हा. त्याला शाही म्हटलं की इथली बाई करायलाच धजत नाही.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत कृती छापण्याआधी कोणीतरी ती घड्याळ लावून करून पाहावी. जिन्नस वजनात द्यावेत. आणि तास लागत असेल तर तास लिहावा. वाचकांना वेळ काढता येतो, त्यांना आधी सांगायला हवं इतकंच.

आपली,
मेस चालवणारी एक वाचक,
मेडिकल चौक परिसर, नागपूर

ता. क. सूपची वडी वापरणाऱ्यांनी सुरुवातीच्या लहान चमच्यानंतर मीठ घालू नये. वडीत मीठ भरपूर असतं, वर चीजचंही येतं. चव बघून अगदी शेवटी लागलं तरच घालावं. आणि कांदा करायचाच तर दोन किलोचा करा. अर्धा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो आणि पाटवडीच्या रश्शात फार उपयोगी पडतो.