पाककृतीखाली दोन ओळी छापाल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सणविशेष पुरवणीच्या शेवटच्या पानावर एक छायाचित्र होतं. टेबलावर चॉकलेट केक, शेजारच्या खुर्चीत ऐटीत बसलेला लॅब्राडॉर, त्याच्या नाकाला क्रीम आणि खाली ओळ : ‘मलाही हवं!’ फोटो गोड आहे, यात वाद नाही. पण मी पशुवैद्यकाच्या दवाखान्यात फोन घेण्याचं आणि केसपेपर लिहिण्याचं काम करते. या फोटोनंतर काय होतं, ते मला सुट्टीच्या दिवसांत फोनवर ऐकायला मिळतं. मागणी लहानशीच आहे. ज्या पाककृतीत चॉकलेट, कोको, मनुका, कांदा-लसूण किंवा साखरेऐवजी दुसरं काही गोड घातलेलं असेल, तिच्याखाली प्राणी पाळणाऱ्या घरांसाठी दोन ओळी छापाव्यात. ‘मीठ चवीनुसार’ छापायला लागते त्याहून फार जागा लागणार नाही.

एरवी प्राण्याचं सगळं बघणारं माणूस घरात एकच असतं आणि काय द्यायचं नाही हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं. सणाच्या दिवशी नेमकं तेच माणूस गॅसपाशी किंवा दाराशी अडकलेलं असतं. मग कुणीतरी ‘बिचारा कधीचा बघतोय’ म्हणून एक तुकडा टाकतं. भाचरं टेबलाखालून हात घालतात. पाहुण्यांची पर्स सोफ्यावर उघडी पडलेली असते. सगळ्यांनी एकेकच घास दिलेला असतो, आणि प्रत्येकाला वाटतं, दिला तो आपणच. फोन आला की मी चार गोष्टी विचारते : काय खाल्लं, किती, कधी, आणि जनावराचं वजन किती. पहिलं आणि शेवटचं उत्तर लगेच मिळतं. ‘किती’ म्हटलं की पलीकडे कुजबुज सुरू होते. ‘ए, तू दिलंस का रे?’ ‘मी नाही, मावशीने.’ शेवटी फोनवर उत्तर येतं, ‘अगदी थोडंसंच.’ या ‘थोडंसं’वर डॉक्टर काय ठरवणार?

कारण सगळं मापावर असतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणसाचं शरीर भराभर निकालात काढतं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच जवळपास १७.५ तास जातात. दर किलो वजनामागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या, जुलाब, बेचैनी दिसू लागते. ४०-५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आता १० किलोचं कुत्रं धरा. त्रास सुरू व्हायला त्याला मिल्क चॉकलेट १०० ग्रॅमच्या आसपास लागेल, डार्क चॉकलेट ४०, आणि कोको पावडर अवघी १० ग्रॅम. म्हणजे फरशीवर पडलेल्या मिल्क चॉकलेटच्या एका तुकड्यासाठी रात्री धावपळ करायची गरज नसते, पण ओट्यावरचा कोकोचा डबा त्याने पाडून चाटला असेल तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘जहाल विषांच्या’ याद्यांचा मला राग येतो तो याचसाठी. त्यात सगळंच एका रंगात रंगवलेलं असतं. घाबरलेला माणूस मग आमच्याआधी मिठाचं पाणी शोधतो. त्यावर पुढे लिहिते.

मनुकांचं प्रकरण मात्र मापातही बसत नाही. एका कुत्र्याने मूठभर द्राक्षं खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशा मनुकांनी निकामी होतात, हे डॉक्टर वर्षानुवर्षं बघत होते, पण कारण सापडत नव्हतं. धागा हाती लागला तो अगदी आडवाटेने. घरी बनवलेला खेळायचा मऊ गोळा खाल्लेल्या एका कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडली. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात तो टार्टारिक आम्लाचा क्षार) होतं. विषबाधेच्या मदतवाहिनीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्याचा संबंध द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाशी जोडला आणि २०२१ मध्ये ही कल्पना तिथल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात मांडली. कशी मांडली, तर संपादकांना पत्र लिहून! (आपल्याला पत्र लिहिताना हे आठवून मला जरा बळ आलं.) पुढच्या वर्षी त्यांनी क्रीम ऑफ टार्टर आणि चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांची माहितीही प्रसिद्ध केली. या आम्लाचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं. त्यामुळे ‘आमचा तर नेहमी खातो, काही होत नाही’ या वाक्यात खोटं काही नसतं. फक्त पुढच्या घडाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या उलटीने होते, मग कुत्रं मलूल होतं, आणि लघवी कमी झाल्याचं लक्षात येईपर्यंत एक-दोन दिवस हातचे गेलेले असतात. मनुका म्हणजे पाणी उडालेलं द्राक्ष, म्हणून तेवढ्याच वजनात ती जास्त घातक. आणि ती एकटी कुठे भेटते? केकमध्ये, बिस्किटात, सुक्या मेव्याच्या पुड्यात लपलेली असते, आणि ‘केक खाल्ला’ एवढंच आम्हाला सांगितलं जातं.

कांद्याचा हिशेब तर सण उलटून गेल्यावर पुढे येतो. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशींवर हल्ला करतात आणि पेशी फुटू लागतात. हे सगळं दिसायला बरेचदा तीन-चार दिवस जातात. तोवर पाहुणे परतलेले असतात, भांडी जागेवर गेलेली असतात, आणि कुत्रं ‘थकलंय’ असं घरचे म्हणत असतात. मग हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी लालसर-तपकिरी होते आणि ते दवाखान्यात येतं. गेल्या आठवड्यात काय खाल्लं, असं विचारलं की मालक प्रामाणिकपणे सांगतात, ‘कांदा? छे हो, आम्ही कधीच देत नाही.’ कांदा कुणी दिलेला नसतोच. त्याच्या भांड्यात उरलेला रस्सा ओतलेला असतो. शिजवल्याने ही संयुगं जात नाहीत. वाळवून केलेल्या पावडरीत तर ती आणखी दाट होतात. तयार मसाल्याच्या आणि सूपच्या पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचायला हवीत ती यासाठी.

इथे मांजरांबद्दल लिहायलाच हवं, कारण पुरवणीत जशी कुत्रीच असतात तशी लोकांच्या काळजीतही. मांजर गोडाकडे फिरकत नाही. गोड चव ओळखणारं एक जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण मांजराला हवा असतो रस्सा, लोणी, मांसाचा तुकडा, आणि कांद्याला कुत्र्यापेक्षा मांजर कितीतरी नाजूक. कुत्र्याला अपाय करायला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो, तर मांजराला ५ ग्रॅम पुरतो. ४ किलोच्या मांजरासाठी हे झाले २० ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान कांदासुद्धा नाही. खाण्याचं नसलं तरी एक सांगून टाकते : भेट आलेल्या पुष्पगुच्छात लिली असेल तर मांजराच्या घरात तो नको. पाकळी चघळली, अंगाला लागलेला पराग चाटला, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची मूत्रपिंडं जाऊ शकतात.

‘शुगर-फ्री’ हा शब्द वाचून लोक सैलावतात, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त घाई त्याच्यापायी होते. त्यात झायलिटॉल असेल (काही वेष्टनांवर त्याला बर्च शुगर म्हणतात) तर कुत्र्याचं स्वादुपिंड फसतं आणि भरमसाट इन्सुलिन सोडतं. अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. कुत्रं डुलायला लागतं, पाय लटपटतात, झटके येतात. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढं याला पुरतं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतालाही धोका असतो. काही च्युइंगमच्या दोन-तीन गोळ्यांनी लहान कुत्र्याचा हा आकडा ओलांडला जातो. सोफ्यावरच्या पर्सचा उल्लेख मी वर उगाच केला नव्हता.

बाकीचं पटकन. शिजवलेलं हाड तडकतं आणि त्याचे अणकुचीदार तुकडे होतात, ते घशात अडकतात किंवा आतड्याला टोचतात. चरबीचे, तळलेले उरलेसुरले पदार्थ एकदम पोटात गेले की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटाच्या उबेत फुगते आणि वर अल्कोहोलही तयार करते. मॅकाडेमिया नटने कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात. एक-दोन दिवसांत ते सावरतं, पण तोवर घरच्यांचा जीव टांगणीला. बुरशी लागलेलं अन्न कचऱ्याच्या डब्यातून ओढून खाल्लं तर अंगाला कंप सुटतो, तेव्हा डब्याला घट्ट झाकण हवं. पोपट पाळणाऱ्यांनी अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट दोन्ही पिंजऱ्यापासून लांब ठेवावं. ससा उलटी करूच शकत नाही, म्हणून त्याच्याबाबतीत ‘खाल्लं तर ओकून टाकेल’ ही आशाही नको.

आता मिठाच्या पाण्याचं. कुठल्याही प्राण्याला उलटी व्हावी म्हणून मीठ पाजू नका. रक्तातलं सोडियम चढतं आणि मूळ खाण्यापेक्षा हा उपायच जिवावर येतो. घशात बोटं घालणं, तेल पाजणं हेही नको. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरांवर सोडा. खाऊन साधारण दोन तासांच्या आत आलात तर तिचा उपयोग जास्त होतो. प्राणी गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. फोन करताना वेष्टन हातात ठेवा, फाटलेलं असलं तरी. त्यावरचं वजन आणि डब्यात उरलेला माल यावरून आम्ही ‘किती’चा अंदाज काढतो. वजन माहीत नसेल तर प्राण्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. आणि कृपा करून खरं सांगा. घरात दारू होती, कुत्र्याच्या भांड्यात कुणीतरी गंमत म्हणून बिअर ओतली, हे सांगायला लोक लाजतात. आम्ही ते केसपेपरवर लिहितो, चारचौघांत वाचून दाखवत नाही.

पाहुण्यांना ‘काही देऊ नका’ असं सांगून पाहिलेली बरीच घरं माझ्या ओळखीची आहेत. ते फारसं चालत नाही. देण्याची हौस असलेला हात रिकामा राहत नाही. त्यापेक्षा प्राण्याच्या रोजच्या खाण्यातलंच थोडं काढून एका वाटीत दाराजवळ ठेवावं आणि ‘द्यायचंच असेल तर यातलं द्या’ म्हणावं. मुलांना हे काम फार आवडतं. वाटी संपली की दिवसाचा खाऊ संपला. भेटवस्तूंच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता कपाटात ठेवाव्यात, कारण कागदात गुंडाळलेलं चॉकलेट तुम्हाला दिसत नसलं तरी कुत्र्याला त्याचा वास येतो. जेवणं चालू असताना प्राण्याला त्याच्या पाण्यासह दुसऱ्या खोलीत ठेवलं तर तो शिक्षा समजत नाही. गर्दीला कंटाळलेलं मांजर तर तिथे आपणहून जाऊन बसतं.

एक शेवटचं. सणाच्या दिवशी आमचा दवाखानाही बंद असतो, तसा पुष्कळ ठिकाणी असतो. तुमचे डॉक्टर सुट्टीवर असतील तेव्हा कुठे जायचं आणि रात्री कोण फोन उचलतं, हे आठवडाभर आधी विचारून नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. असा फोन आला तर आम्हाला त्रास होत नाही. उलट दिवसभरातला तो सगळ्यात सोपा फोन असतो.

कळावे,
आपली वाचक
(पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. नाव छापू नये, ही विनंती.)