‘नाहुआत्ल आवृत्ती’ एकच कशी असेल?

संपादक महोदय,

चित्रपट-मालिकांचे लहान भाषांतील रूपांतर भाषांतर करणाऱ्या यंत्रामुळे आता चुटकीसरशी होईल, अशी मांडणी करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यात मेक्सिकोतील नाहुआत्ल या आदिवासी भाषेचा उल्लेख ‘एक आवृत्ती काढली की झाले’ अशा थाटात आला आहे, म्हणून हे पत्र.

2020च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत नाहुआत्ल बोलणारे सुमारे साडेसोळा लाख आहेत. मात्र ते सलग प्रदेशात राहत नाहीत. वास्तेका, पुएब्लातील डोंगराळ भाग, वेराक्रूसमधील सोंगोलिका, गेरेरो असे त्यांचे विखुरलेले पट्टे असून, तेथील राष्ट्रीय आदिवासी भाषा संस्थेच्या 2008च्या सूचीत या भाषेचे 30 प्रकार नोंदवलेले आहेत. पुएब्लातील क्वेत्सालान गावाच्या परिसरात तर ‘त्ल’ हा उच्चारच नाही, तेथे ‘त’ म्हणतात. लेखनपद्धतीबाबतही एकमत नाही.

त्यामुळे सबटायटलचा मार्ग मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बहुतेकांचे शिक्षण स्पॅनिशमधून झालेले असल्याने स्वतःची भाषा कानाला सवयीची आणि डोळ्यांना परकी, अशी स्थिती आहे. त्यात कर्ता, कर्म आणि क्रियापद एकाच लांबलचक शब्दात गुंफले जात असल्याने पडद्यावरची ओळ वाचून होण्याआधीच सरकते. खर्च करायचाच तर तो डबिंगवर करावा आणि आवाज त्या त्या पट्ट्यातल्या माणसांचे घ्यावेत. काही प्रकारांत वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपच बदलते. नातू आजीशी कसा बोलेल, हे ज्याने घरात ऐकले आहे त्यालाच नेमके सुचेल.

अशी माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. गेरेरोतील त्लापा येथे 1979 साली सुरू झालेले ‘ला वोस दे ला मोंतान्या’ हे नभोवाणी केंद्र नाहुआत्लबरोबरच मिश्तेक, त्लापानेक आणि स्पॅनिशमधूनही कार्यक्रम देते; क्वेत्सालानचे केंद्र 1994 पासून चालू आहे. अशा केंद्रांवरून बाहेरगावी गेलेल्यांचे घरच्यांसाठीचे निरोपही वाचून दाखवले जातात. निरोप पहिल्याच खेपेस कळला नाही तर तो वाया गेला. निवेदकांची भाषा अशा कामात तावून निघालेली असते. संवादलेखन त्यांच्याकडून तपासून घेण्याऐवजी केवळ यंत्रावर विसंबणे मला अनाकलनीय वाटते.

तीसही प्रकारांत डबिंग करणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही, हे मान्य. मग दोन-तीन मोठ्या पट्ट्यांपासून आरंभ करावा. मात्र भाषेच्या यादीत नुसते ‘नाहुआत्ल’ न लिहिता ती वास्तेकाची आहे की गेरेरोची, हे प्रेक्षकाला आधीच सांगावे.

— एक भाषांतरकार वाचक, पुणे